तेवीस, आणि एक यायचंय

४ तारीख, मंगळवार

आज घरात दोन महत्त्वाच्या घटना घडल्या. मी बाबांसाठी वृद्धांच्या संस्थेचा प्रवेशअर्ज भरला, आणि ताईने तो वाचायला नकार दिला. "तूच वाचून दाखव, तुझा आवाज चांगला आहे," म्हणाली. बावन्न वर्षांत हे तिला आजच जाणवलं, याचं मला थोडं आश्चर्य वाटलं आणि बराच आनंद झाला.

वाचून दाखवला. वय शहाऐंशी, पूर्वीचा व्यवसाय घड्याळदुरुस्ती, विकार हृदयाचा, चालणे दोघांच्या आधाराने. 'अर्जाचे कारण' या रकान्यात मी 'पूरप्रवणनदीतीरनिवास' असा एकसंध समास लिहिला होता. तो ऐकून बाबा पलंगावरून म्हणाले, "पंडित, मला संस्थेत घालतोयस की शिलालेखात?"

पण गेल्या वर्षीचं मी विसरू शकत नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. भोंगा वाजल्यावर मी आणि तळमजल्यावरचे शिंपी बाबांना खुर्चीत बसवून खाली आणायला निघालो, त्यात पाऊण तास गेला. जिन्याच्या पाचव्या पायरीला पाणी लागलं होतं. टेकडीवरच्या शाळेत पोचलो तेव्हा कळलं, गोळ्या घरीच राहिल्या. माझी टिपणवही मात्र कोरडी आणि सुखरूप होती. दुसऱ्या दिवशी बाबांच्या छातीत कळ आली आणि औषध मिळालं ते एका अनोळखी म्हातारीच्या बटव्यातून. पुन्हा तसल्या म्हातारीच्या भरवशावर मी राहणार नाही.

ताई तेव्हा इथे नव्हती. एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका होती. मुदतीआधी दोन वर्षं नोकरी सोडून गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे राहायला आली. कारण विचारलं तर "कंटाळा आला." बस.

अर्ज ऐकून झाल्यावर ती माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी पाहत म्हणाली (ती हल्ली माझ्याकडे सरळ बघतच नाही, धाकट्या भावंडांविषयीचा हा तिरस्कार वयाबरोबर पक्का होत जात असावा), "थिएटरमध्ये तातडीचा पेशंट आला की अकरा मिनिटांत टेबल तयार असायचं. भोंगा वाजल्यापासून अकरा मिनिटांत बाबा आणि सगळं सामान फाटकापाशी. नाही जमलं, तर तुझा अर्ज मी स्वतः टपालात टाकीन. तोवर तो खणात राहू दे."

अर्ज खणात ठेवला. खरं लिहायचं तर, ठेवताना मला जरा बरं वाटलं आणि जरा वाईटही. संध्याकाळ स्वतःची असावी असं मला वाटतं. हे फक्त इथेच लिहितो.

७ तारीख, शुक्रवार

बॅग तयार झाली. शिंप्यांनी जाड कॅनव्हासची शिवून दिली आहे, पाठीवर घ्यायची. ताईने तीन वेळा उसवायला लावली. शिंपी मला म्हणाले, "साहेब, लग्नाचे कोट शिवले, एवढी कुणी माझी परीक्षा घेतली नाही." तक्रारीचा सूर होता, पण चेहरा प्रसन्न दिसत होता.

मांडणी बघण्यासारखी आहे. आपण सामान्य माणसं जे हाताला येईल ते कोंबतो. ताई आधी जमिनीवर चादर पसरते, सगळं त्यावर मांडते, आणि शेवटी लागणारं सर्वांत आधी भरते. तळाशी घोंगडी, दोरी, साबण. वर मेणकापडात कागदपत्रं, बिस्किटं, पाणी. सर्वांत वर टॉर्च, शिट्टी आणि बाबांच्या गोळ्या. प्रत्येक वस्तूला स्वतंत्र पिशवी, आणि प्रत्येक पिशवीच्या तोंडाला वेगळी खूण. टॉर्चला एक गुंडी. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांना दोन गुंड्या आणि मध्ये गाठ. काडेपेटीला शिंपला. मलमपट्टीला काठ दुमडलेला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"अंधारात बोटांना कळायला हवं."

मी थक्क झालो. एवढ्या वर्षांत एवढ्या आपत्तींच्या बातम्या दिल्या, पण हे कोणत्याही अधिकाऱ्याला सुचल्याचं ऐकलं नाही.

भरून झाल्यावर तिने मोजणी केली. थिएटरची पद्धत आहे म्हणे. दोघांनी, मोठ्याने, दोनदा मोजायचं. पोट शिवण्याआधी एखादा बोळा आत राहिलेला चालत नाही. ती पिशवीला हात लावून आकडा म्हणते, मी मागून म्हणतो. "एकवीस." "एकवीस." "बावीस." "बावीस." "तेवीस. आणि एक यायचंय."

"काय यायचंय?"

"आलं की कळेल."

बॅगेच्या बाहेरच्या अंगाला एक उभा, अरुंद कप्पा आहे, साधारण दीड वीत. तो रिकामा. मी त्यात माझी घडीची छत्री सरकवून पाहिली. तिने ती उपसून माझ्या हातात दिली. "ती जागा ठरलेली आहे."

११ तारीख, मंगळवार

पहिली तालीम. बाबांनी मांडीवर स्टॉपवॉच घेतलं. त्यांच्या आयुष्यातला शेवटचा घड्याळी हुद्दा त्यांनी फारच गांभीर्याने स्वीकारला आहे. निकाल: एकोणीस मिनिटं चाळीस सेकंद. त्यातली चार मिनिटं खुर्चीच्या पट्ट्यात गेली. मी पट्टा बाबांच्या सदऱ्यासकट आवळला होता.

तळाच्या वळणावर शिंप्यांची सायकल उभी असते. ताई तिच्यावर धडकली आणि गुडघा चांगला सोलवटला. मी म्हटलं, "ताई, एवढी मोठी वस्तू. तिला घंटासुद्धा आहे." ती हसली नाही. शिंपी मात्र धावत आले आणि सायकल अंगणात नेऊन लावली. मला उगाच खजील झाल्यासारखं वाटलं. सायकल त्यांची, गुडघा तिचा, आणि लाज मला, हा हिशेब लागला नाही.

ती उतरताना पायऱ्या मोजते. आमच्या दारापासून खाली चौतीस. आठ, वळण, नऊ. पुन्हा आठ, वळण, नऊ. मी या घरात वीस वर्षं राहतोय आणि मला हे आज कळलं.

१२ तारीख, बुधवार

आज या उपक्रमात माझंही योगदान झालं. खुणा ठीक आहेत, पण उजेडात माणसाला वाचता आलं पाहिजे. म्हणून मी तेवीस चिठ्ठ्या लिहून पिशव्यांना डकवल्या. जलम्. दीपः. रज्जुः. सुईदोऱ्याला सूचीसूत्रम्. हृदयाच्या गोळ्यांना 'हृद्यम्'. बोरूने, काळ्या शाईत, बारीक आणि ठसठशीत. कॉलेजात हस्ताक्षराचं बक्षीस मिळालं होतं, ते उगाच नाही.

ताईला दाखवलं. तिने पिशवी हातात घेतली, कागदावरून अंगठा फिरवला, म्हणाली, "छान आलंय अक्षर." एवढीच दाद. बाबा म्हणाले, "शाळेतला शिपाई गोळी शोधायला आला, तर त्याला आधी व्याकरण शिकवावं लागेल."

बाबांची एक सवय हल्ली वाढली आहे. ताई चहा घेऊन खोलीत आली की ते खुर्चीच्या हातावर दोन टिचक्या मारतात, ठक ठक. म्हातारपणी माणूस चहासाठी किती उतावीळ होतो! मला मात्र माझा चहा निम्मा बशीत मिळतो.

१५ तारीख, शनिवार

पंधरा मिनिटं दहा सेकंद.

१९ तारीख, बुधवार

संपादकांचा फोन. 'आपत्तीची बॅग कशी भरावी' यावर मी पाठवलेला लेख रविवारी छापून आला, आणि वाचकांची नऊ पत्रं आली आहेत. त्यांतली सात चिठ्ठ्यांच्या कल्पनेबद्दल आहेत. लेखावर नेहमीप्रमाणे 'आमच्या प्रत्यक्षदर्शी वार्ताहराकडून' असं छापलं आहे. ही पदवी मला आवडते. डिग्री कुणालाही मिळते, पण डोळे उघडे ठेवणं शिकवून येत नाही.

लेखात ताईचा उल्लेख 'एक अनुभवी परिचारिका' असा एका वाक्यात आला. संध्याकाळी तिला लेख वाचून दाखवला. ती म्हणाली, "पेपरमधली मी बरीच सोज्ज्वळ आहे."

मुलाखतीला निघताना टेपरेकॉर्डरचे सेल संपलेले निघाले. टॉर्चमधले घेतले आणि जुने तिथे घातले. उद्या नवे आणायचे. टॉर्च तपासण्याचं काम माझ्याकडेच आहे, त्यामुळे परवानगीचा प्रश्न आला नाही.

२२ तारीख, शनिवार

आज एक खोडी काढली. ताई कधी चुकत नाही याचा मला लहानपणापासून त्रास आहे. म्हणून 'हृद्यम्' आणि 'सूचीसूत्रम्' या दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. उद्याच्या मोजणीत ती पकडेल, मला वाट्टेल ते बोलेल, बाबांची करमणूक होईल.

२३ तारीख, रविवार

पकडलं नाही! पिशव्या एकेक करून तिच्या हातातून गेल्या, 'तेवीस, आणि एक यायचंय' झालं, आणि ती चहा टाकायला गेली. म्हणजे ताईसुद्धा माणूस आहे तर. विजयाचा आनंद व्हायला हवा होता. तसा तो झाला नाही. बहुधा दमली असेल.

तालीम: अकरा मिनिटं वीस सेकंद. वीस सेकंदांसाठी तिने आम्हाला पुन्हा वर नेलं. दुसऱ्या खेपेला माझ्या डोळ्यांना तिने तिची ओढणी बांधली. "आता खुर्ची धर आणि माझ्या आवाजामागे ये."

"मी पडलो तर?"

"तर बाबा तुझ्यावर पडतील. त्यांना लागणार नाही."

खाली पोचलो. मी घामाने निथळत होतो. बाबा म्हणाले, "दहा पन्नास. डोळे बांधल्यावर हा जास्त चांगला चालतो." शिंपी इतके हसले की त्यांना पायरीवर बसावं लागलं.

२७ तारीख, गुरुवार

शिंप्यांकडे सदरा द्यायला गेलो होतो. बोलता बोलता म्हणाले, "तुमच्या ताई दर सोमवारी येतात. दहा सुयांत दोरा ओवून घेतात माझ्याकडून आणि बॅगेत ठेवायला नेतात."

केवढी ही दूरदृष्टी! ऐन धांदलीत सुईत दोरा ओवायला वेळ कुणाला असतो? मी हे शिंप्यांना बोलून दाखवलं. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही पेपरात लिहिता ना?" हो म्हटलं. ते पुन्हा मशीनवर वाकले.

वरच्या धरणातून पाणी सोडताहेत. घाटाची आठवी पायरी बुडाली.

३ तारीख, बुधवार. टेकडीवरची शाळा, सहावीचा वर्ग

काल जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

संध्याकाळी सहा वाजून एकतीस मिनिटांनी भोंगा झाला आणि त्याच क्षणी वीज गेली. बाहेर ढगांनी आधीच अंधारलं होतं. आमच्या जिन्याला खिडकी नाही. मी टॉर्चचं बटण दाबलं. एक तांबूस ठिपका उमटला आणि विझला. तेव्हा मला ते सेल आठवले. आणायचे राहिले होते.

"ताई, टॉर्च..."

"राहू दे. बाबा, वेळ लावा." तिने बॅग पाठीवर चढवली. शिंपी वर आलेच होते. पट्टे बांधले, खुर्ची उचलली. दारात आलो तर वरच्या मजल्यावरचे बँकवाले आणि त्यांची बायको काड्या ओढत, एकमेकांना हाका मारत उभे होते. पायरी कुठे आहे हे त्यांना कळत नव्हतं.

ताई म्हणाली, "काड्या विझवा, त्याने जास्तच आंधळं व्हायला होतं. डावा हात कठड्यावर. माझ्या आवाजामागे या. एक."

आणि ती उतरू लागली. दुपारी भाजीला निघाल्यासारखी. अडखळणं नाही, चाचपडणं नाही. "सात. आठ. वळण आहे, खुर्ची उजवीकडे. एक. दोन." त्या मिट्ट काळोखात आम्ही पाच जण त्या आवाजाला धरून होतो. बँकवाल्यांची बायको रडत होती, तीही हळूहळू आकडे म्हणू लागली. दुसऱ्या वळणापर्यंत सगळेच म्हणत होतो. मला भीती वाटली नाही. ताईच्या मागे चालताना ती कधीच वाटली नव्हती, हे मला सातवीनंतर पहिल्यांदा आठवलं.

फाटकाशी ट्रक उभा होता. बाबांनी रेडियमचा काटा डोळ्यांजवळ नेला. "नऊ मिनिटं दहा."

शाळेत सहावीचा वर्ग मिळाला. वर्गाच्या दुसऱ्या टोकाला एक कंदील होता. आठच्या सुमारास बाबांनी छातीवर हात ठेवला. चेहरा गेल्या वर्षीसारखाच राखेच्या रंगाचा झाला. ताईने त्यांना पाठीमागून बसतं धरलं आणि म्हणाली, "पंडित, गोळी."

मी बॅग उघडली, पिशव्या कंदिलाकडे नेल्या, माझी अक्षरं वाचत सुटलो. हृद्यम्. उघडलं. आत दोरा ओवलेल्या सुया. बोटात शिरल्या. खोडी आठवली, पण दुसरी पिशवी कुठली, ते सुचेना. हाताला येतील त्या पिशव्या ओतल्या. साबण, मेणबत्त्या, शिट्टी. बाबांचा श्वास मला ऐकू येत होता.

"सापडत नाही गं!"

"डोळे मिट," ताई म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "मिटलेस? आता हात फिरव. दोन गुंड्या, मध्ये गाठ."

डोळे मिटले. तिसऱ्या पिशवीवर गाठ लागली.

गोळी जिभेखाली गेली. किती वेळ गेला ते बाबांच्या घड्याळाने सांगितलं असतं, पण ते विचारण्यासारखं नव्हतं. मग त्यांच्या कपाळाला घाम आला, श्वास खाली उतरला, आणि ते म्हणाले, "पंडित, पसारा आवर."

मी पसारा आवरायला लागलो. आवरता आवरता कबूल केलं. "ताई, चिठ्ठ्या मी बदलल्या होत्या. गंमत म्हणून. मला वाटलं, तू वाचशील आणि पकडशील."

ती बाबांची नाडी मोजत होती. मोजून झाल्यावर म्हणाली, "काय लिहिलं होतंस रे त्यांवर?"

मी कंदील उचलून आणला आणि तिच्यासमोर धरला. ती माझ्या कानाच्या बाजूला पाहत होती. नेहमीसारखी.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दीड वर्ष. मधलं जातं, कडेचं राहतं. तुझा चेहरा गेला, कान शिल्लक आहेत. तसं फार नुकसान नाही."

मला हसू आलं नाही. तिलाही आलं नाही. ती म्हणाली, "थिएटरमध्ये एकदा मोजणीत एक बोळा कमी भरला. सापडला. पण तो दुसरीला सापडला, मला नाही. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला."

"आम्हाला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या अर्जात अजून एक समास वाढला असता."

बाबांनी डोळे न उघडता बाकाच्या लोखंडी दांड्यावर दोन टिचक्या मारल्या. ठक ठक. ताईने हात बरोबर तिथे नेला आणि त्यांची बोटं धरली.

म्हणजे बाबांना माहीत होतं. शिंप्यांनाही. सायकलीलाही माहीत असावं.

"आता टाकशील टपालात?" तिने विचारलं. एकतीस वर्षं भल्याभल्या सर्जनना दरडावणाऱ्या माझ्या बहिणीचा आवाज पहिल्यांदाच थोडा हलला.

मी म्हटलं, "अट अकरा मिनिटांची होती. नऊ दहा झाली आहेत. डोळ्यांविषयी अटीत एक अक्षर नाही."

आज सकाळी वर्गातल्या बाकावर बसून ही वही पहिल्यापासून वाचली. सगळं लिहिलेलं आहे. बशीतला चहा, सुया, टिचक्या. तारीखवार, स्वच्छ अक्षरात.

६ तारीख, शनिवार

घरी परतलो. पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत येऊन गेलं. शिंप्यांचं मशीन वाचलं, कारण ताईने त्यांच्याकडूनही तालमी करून घेतल्या होत्या.

संपादकांना दुरुस्ती पाठवली: चिठ्ठ्या लावू नयेत, गुंड्या लावाव्यात, टॉर्चवर विसंबू नये, वार्ताहरावर तर मुळीच नाही, कल्पना संपूर्णपणे माझ्या थोरल्या बहिणीची, जी आता मजकूर वाचू शकत नाही आणि अंधारात पाच माणसं उतरवू शकते. तिला वाचून दाखवली. "फार लांब झालंय," म्हणाली, पण दोनदा वाचून घेतलं. 'प्रत्यक्षदर्शी' हा शब्द काढायला सांगितला आहे.

खणातला अर्ज बाहेर काढला. मागची बाजू कोरी होती. त्यावर कामांची वाटणी लिहिली. चहा मी. सुया मी. सेल, शिंपी.

९ तारीख, मंगळवार

सकाळी ताई म्हणाली, "आज माझ्याबरोबर दुकानात चल." रुग्णालयासमोरचं दुकान. दारात थांबली, पदर नीट केला, ऑपरेशनला आत जाताना करत असेल तसा दीर्घ श्वास घेतला. काउंटरवरच्या बाईंना म्हणाली, "पांढरी काठी हवी. घडीची. मिटल्यावर दीड वितीपेक्षा लांब नको."

बाईंनी दोन-तीन दाखवल्या. ताईने तिसरी मिटून हाताने मापली आणि ठेवून घेतली.

घरी येऊन बॅगेच्या बाहेरच्या अरुंद कप्प्यात ती सरकवली. टोकापर्यंत गेली, सैल नाही की घट्ट नाही. महिन्याभरापूर्वी शिंप्यांकडून मापाने शिवून घेतलेली जागा, आणि वस्तू आज आली. मधला महिना कशात गेला हे मी तिला विचारलं नाही. मोजणी केली, दोघांनी, मोठ्याने, दोनदा. "चोवीस." "चोवीस." बाबांनी स्टॉपवॉच थांबवलं. ते कशासाठी चालू होतं, त्यांनाच ठाऊक.

१० तारीख, बुधवार

सकाळी जाग आली ती जिन्यातल्या आवाजाने. टक. टक. बाबा उशीला टेकून बसले होते, बोट ओठांवर. पेपर आणायला ताई एकटी खाली निघाली होती. आम्ही दोघं मनात मोजत राहिलो. आठ, वळण, नऊ. आठ, वळण, नऊ. फाटक करकरलं.

मी उठून चहा टाकला, तीन कप, एकही बशीत न सांडता. मग नियम म्हणून बॅगेपाशी बसलो, डोळे मिटले आणि एकट्यानेच मोजणी केली.

तेवीस. आणि एक यायचीय.